आबा, माझा माईक आता चालू आहे

आबा, तुम्ही मला फसवलंत. निकालाच्या आधी जायचं नव्हतं तुम्ही.

माझं सगळं ठरलेलं होतं. श्रावणीचा दहावीचा निकाल लागला की त्याच दिवशी जिंतूरहून एसटीनं झरीला यायचं, वट्ट्यावर तुमच्या खुर्चीसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, "घ्या हेडसर, वाचा. मोठ्यानं वाचा, गल्लीला ऐकू जाऊ द्या." तुम्ही चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसला असता, खाकरला असतात, आणि प्रार्थनेच्या मैदानावर घुमायचा त्या आवाजात माझ्या लेकीचे गुण वाचले असते. ज्या तोंडानं तिला 'शाळाबाह्य' म्हणालात, त्याच तोंडानं. पेढ्याचा पुडा मी आधी सोडणारच नव्हते. आधी वाचन, मग पेढा. भाकरी थापताना, कपडे वाळू घालताना, वर्षभर मी हे एवढंच मनात घोळवत होते. आणि तुम्ही काय केलंत? ऐन मे महिन्यात दुपारी जेवलात, तोंडावर दस्ती टाकून आडवे झालात, ते उठलाच नाहीत. निकाल तीन आठवड्यांवर आलेला. एवढी कसली घाई होती हो?

लोक म्हणायलेत, सोन्यासारखं मरण आलं हेडसरांना. हाव, तुम्हाला आलं. माझ्या हातातला घास गेला त्याचं काय?

रडून झालंय माझं. आई समोर असली की पुन्हा येतं, पण एकटी असले की रडू नाही येत, राग येतो. म्हणून म्हटलं, ज्याचं त्याला देऊन टाकावं. तुमची एकुलती एक लेक आहे मी. तुमचा पीळ माझ्यात आलाय असं आईच म्हणते, तेव्हा सुंभ जळला तरी तो जायचा नाही. तुमचाही गेला नसेल, जिथं असाल तिथं.

सुरुवातीपासून सांगते, कारण तुम्ही सुरुवात कधी ऐकूनच घेतली नाहीत. जिंतूरच्या एका खासगी शाळेत मी शिकवत होते, तुमच्याच पावलावर पाऊल टाकून. माझी दोन्ही लेकरं तिथंच. शाळेत नुसती हजेरी लागायची आणि शिकणं म्हणाल तर सकाळचा क्लास, संध्याकाळचा क्लास. श्रावणीचं दर सोमवारी पोट दुखायचं. दवाखान्यात दाखवलं, काही निघालं नाही. एक दिवस मी सहज विचारलं, "आज सरांना काय विचारलंस?" ती म्हणाली, "मम्मी, विचारायचं नसतं. लिहून घ्यायचं असतं." मी स्वतः त्याच शाळेत मास्तरीण, आणि माझी लेक मला हे सांगायली! त्या वर्षाच्या शेवटी श्रावणीला आठवीतून आणि ओमला सहावीतून काढलं, मीही नोकरी सोडली, आणि ठरवलं की घरी शिकवायचं. मग दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसवायचं. ओमचे बाबा खताच्या दुकानात बसून होते, ते म्हणाले, "तू शिकवणार असशील तर मला काय फिकीर न्हाई, पण तुझ्या बापाला तूच सांग."

सांगितलं. फोनवर तुम्ही एवढंच म्हणालात, "संगे, डोकं ठिकाणावर हाय का तुजं?" आणि फोन आईच्या हातात दिलात.

तुमचं दुखणं मला कळत नव्हतं असं नाही. उभा जन्म तुम्ही झरीच्या शाळेला दिला आणि नातवंडंच शाळेत नाहीत म्हटल्यावर गावानं काय सोडलं असतं? दिव्याखाली अंधार, असं पारावर बोलले म्हणे. तुमच्या इज्जतीला लागलं. पण लेकीला एकदा तरी विचारावं ना माणसानं, बाई, तुझं काय झालं म्हणून.

आणि घरी शिकवणं ही काय मजा होती? वयात आलेल्या लेकराला स्वतःच्या आईनं शिकवायचं म्हणजे खडकावर पेरणी. मी 'अरे' म्हणायच्या आत ओमचं 'कारे' तयार. सकाळी दहापर्यंत लोळायचा, उठवलं तर म्हणायचा, "शाळा न्हाई ना आता, मंग कशाला उठवायलीस?" श्रावणी दार लावून बसायची. एकदा आतूनच ओरडली, "तुझ्यामुळं मला एक मैत्रीण राहिली न्हाई." मी पोळपाटापाशी तशीच बसून राहिले. पीठ सुकून गेलं. त्या दिवशी तुम्ही फोन केला असता ना आबा, तर मी हरले म्हणून टाकलं असतं. तुम्ही केला नाहीत, म्हणून हरले नाही.

त्याच सुमारास ती माणसं भेटली, फोनमध्ये. माझ्यासारखीच, लेकरांना घरी शिकवणारी, गावोगावची. चिपळूणच्या माधुरीताई पहिल्या. मी भडाभडा सगळं लिहिलं, तर त्यांचं उत्तर आलं, "अगो, स्वतःच्या आईचं कुणाची मुलं ऐकतात? माझा निनादही नाही ऐकत. तुझी दोन मला दे, माझा एक तू घे." मी त्यांना म्हटलं, आमच्याकडं याला सावड म्हणतात. आज तुझे बैल माझ्या रानात, उद्या माझे तुझ्या. मग आमच्या ग्रुपचं नावच 'सावड' पडलं. माधुरीताई माझ्या दोघांना आणि आणखी लेकरांना गणित शिकवायच्या, मी त्यांच्या निनादला आणि बाकीच्यांना मराठी आणि इतिहास. दर रविवारी अकरा वाजता सगळी लेकरं, सगळे आईबाप एका मीटिंगमध्ये. पहिल्या महिन्यात मी स्वयंपाकघरातून ऐकलं, श्रावणी बीजगणित करता करता हसायली होती. ओम तर गुणोत्तर-प्रमाण बापाच्या दुकानात शिकला. पंपाला औषध किती, पाणी किती, हे गिऱ्हाइकं त्याला विचारायला लागली.

मी तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "सावड बैलांची असती. लेकरांची न्हाई." वाक्य झकास होतं, हे मी तेव्हा कबूल केलं नाही. आता करते, कारण आता तुम्ही फुगणार नाही.

पण एक विचारू? लेकरांची सावड मला शिकवली कुणी? तुम्हीच ना? मी असेन तिसरी-चौथीत. कुणी शाळेला आलं नाही की सुट्टी झाल्यावर तुम्ही सायकल काढायचात आणि मला पुढच्या दांड्यावर बसवायचात. दांडा टोचायचा, पण बोलायची सोय नव्हती. वस्तीवर, रानात, ऊसतोडीला निघालेल्यांच्या बैलगाड्यांपाशीसुद्धा. आईबापांशी तुम्ही नंतर बोलायचात. आधी त्या लेकरासमोर बसायचात आणि विचारायचात, "कामून आला न्हाईस?" रागावून नाही, खरंच माहीत करून घ्यायचंय अशा आवाजात. लेकरू खरं सांगायचं. चप्पल नाही, लहान भावाला सांभाळायचंय, मारतात. शाळेत हजेरी घेताना तुम्ही नाव तीनदा पुकारायचात, तिसऱ्यांदा मोठ्यानं, आणि तरी आलं नाही तरच गैरहजर म्हणायचात. मी मास्तरीण झाले ती त्या दांड्यावर. हे उपकार मी विसरलेले नाही. फक्त तो आवाज तुम्ही गावातल्या सगळ्या लेकरांना दिलात आणि मला 'डोकं ठिकाणावर हाय का' दिलंत, एवढंच.

आता त्या रविवारकडं येते. दिवाळी होऊन गेली होती आणि लेकरं झरीला तुमच्याकडंच राहिली होती. मी जिंतूरला. अकराची मीटिंग श्रावणीनं तुमच्या घरून लावली, फोन टेबलावर तांब्याला टेकवून. विषय होता दहावीचा, बाहेरून बसवावं की दहावीपुरतं शाळेत घालावं. आणि मधेच पडद्यावर श्रावणीच्या जागी तुम्ही! टोपी, चष्मा, पांढरा सदरा.

तुम्ही आधी काय केलंत, तर हजेरी घेतलीत. एकेका लेकराला नाव विचारलंत आणि मग खड्या आवाजात पुकारायला लागलात. चिपळूणचा निनाद, नाशिकची जुळी पोरं, वर्ध्याची ती घुमी पोरगी, जी कधी कॅमेरा लावत नव्हती, ती सगळी "हजर सर!" म्हणून किंचाळायली. मला काय राग आला म्हणून सांगू! माझ्या लेकरांची माणसं ती, तुम्ही दोन मिनिटांत खिशात घातलीत. मग तुम्ही आईबापांकडं वळलात. "तुमच्यातला शाळंत न जाता शिकलेला कोण हाय? हात वर करा." कुणाचा हात वर होणार? "न्हाई ना? मंग ज्या शिडीनं तुमी चढलात ती लेकरांच्या पायाखालून कामून काढायलात?"

आणि मी सुटले. आबा, इतक्या वर्षांचं सगळं बाहेर आलं. स्वयंपाकघरात उभी राहून, हातवारे करून, गळ्याच्या शिरा ताणून बोलले. तुम्ही पुढं वाकलात, कानाला हात लावलात. मला वाटलं, चला, शेवटी बापानं कान तरी दिला. माधुरीताई हातानं काहीतरी खुणा करत होत्या. मला वाटलं, त्या म्हणतायत आवर स्वतःला, म्हणून मी आणखी जोरात बोलले. मग तुमचं चित्र तसंच थिजलं, कानाला हात लावलेलं, आणि गेलं. झरीची रेंज! तेव्हा कुठं माधुरीताईंचा आवाज आला, "अगो संगीता, तुझा माईक बंद होता गं."

शेजारी पिठाची गिरणी आहे ना, म्हणून मी कायम माईक बंद ठेवून बसते. बोलायचं असेल तेव्हाच उघडायचा, हा ग्रुपचा नियम. नियम केला कुणी? मीच.

मग मी तुम्हाला फोन लावला नाही. एकदा पोटातलं सगळं ओकून झाल्यावर तेच पुन्हा कोण ओकतं? आणि दुसरं म्हणजे, त्याच संध्याकाळी तुमचाच फोन आला, केवढा गोड! "संगे, जेवलीस का? लेकरं मजेत हाईत." मला तर फेफरं यायचं बाकी होतं. त्या दिवसापासून जूनपर्यंत तुम्ही दर रविवारी फोन केलात. ओमला उसाच्या कांड्या पाठवल्यात. शाळेचा विषय तुम्ही काढला नाहीत, मीही नाही. संक्रांतीला जिंतूरला येऊन माझ्या हातचा तीळगूळ खाल्लात. मला वाटलं, म्हातारा वितळला. त्या घुम्या पोरीचा 'हजर सर' ऐकून वितळला असेल. माझं बोलणं ऐकू गेलं नाही तेच बरं झालं, असंसुद्धा मी एकदा म्हटलं ओमच्या बाबांना.

आणि जूनमध्ये शाळा उघडली, त्या दिवशी तात्यांचा फोन. तुमचा धाकटा भाऊ, तुमच्यापेक्षा दोन पट्ट्या वर बोलणारा. "संगे, दादा सकाळपासून शाळंच्या गेटवर उभे हाईत. लेकरं कुटं हाईत तुजी?" मी म्हटलं, "कसली लेकरं?" तर म्हणे तुम्ही दोघांचे प्रवेश बोलून ठेवलेत, श्रावणी दहावीत, ओम आठवीत, राहणार तुमच्याकडं. "तूच हो म्हणाली व्हतीस ना दादाला?" मी म्हटलं, मी कधीच हो म्हटलेलं नाही. तात्या म्हणाले, "म्हणजे दादा खोटं बोलायलेत?" मी म्हटलं, "हाव. धडधडीत खोटं बोलायलेत."

प्रार्थना संपली, घंटा झाली, तुमचेच जुने विद्यार्थी असलेल्या मास्तरांसमोर तुम्ही एकटे घरी परत आलात. गावभर सांगितलंत, संगीनं शब्द फिरवला. मी इकडं सगळ्यांना सांगितलं, बापानं माझ्या तोंडी शब्द घातला. त्या दिवसापासून तुमची-माझी बोली बंद.

इथवर असतं तर मी सोडून दिलं असतं. पण पावसाळ्यात माझ्या दारात दोन मास्तर आले, एक बाई आणि एक झरीकडचाच, तुमच्या हाताखाली शिकलेला. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण. वीटभट्टीवरून थेट आमच्याकडं आले होते, पाय चिखलानं भरलेले. तो मान खाली घालून म्हणाला, "ताई, नाराज होऊ नका. नावं हेडसरांनीच दिलीत." श्रावणीला त्या बाईंनी विचारलं, "बाळ, तुला वाचता येतं का?" आणि तिसरीच्या पुस्तकातला धडा पुढं केला. माझ्या लेकीनं तो धडा शांतपणे वाचला, पुस्तक मिटून परत दिलं आणि विचारलं, "अजून काही वाचू का मॅडम?" ओमला पाढा विचारला तर त्यानं सुलटा म्हटला, उलटा म्हटला आणि म्हणाला, "आता तुमी म्हणा." ते गेल्यावर श्रावणी न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बसली. नळाच्या आवाजात मला तिचं रडणं ऐकू येत होतं.

वीटभट्टीवरच्या लेकरांच्या ओळीत माझ्या लेकरांचं नाव आलं, त्याची मला लाज नाही. त्या लेकरांच्या घरी तुम्हीच मला नेलं होतंत. पण त्यांच्यासाठी तुम्ही सायकल काढायचात आबा, समोर बसून विचारायचात. माझ्या लेकरांचं तुम्ही नुसतं नाव दिलंत. घरबसल्या. झरीहून जिंतूर काही विलायत नव्हती.

त्या न्हाणीघराच्या दाराबाहेर उभी राहून मी ठरवलं की हिचा निकाल याच माणसाच्या तोंडून वाचून घेईन. पुढच्या संक्रांतीला झरीला आलो तेव्हा लेकरांनी तुम्हाला तीळगूळ दिला, मी दिला तेव्हा तुम्ही हातात घेतलात, तोंडात टाकलात आणि पेपर उघडलात. गोड खाल्लंत, पण बोलला नाहीत. बसा म्हटलं पेपर वाचत, मे-जूनमध्ये वाचायला देते तुम्हाला. श्रावणीला त्या वर्षी मी गुरासारखं राबवलं. माधुरीताई म्हणायच्या, "अगो, मुलीची परीक्षा आहे की तुझी लढाई?" मी म्हटलं, "लढाईच. तुम्ही भूमिती बघा."

आणि तुम्ही रणातून पळालात.

दहाव्याला नदीत पाणी कमी आणि माणसं जास्त होती. किती पिढ्या शिकवल्यात हो तुम्ही! पिंड ठेवला, सगळे बाजूला झालो, आणि कावळा येईना. झाडावर बसलेले होते दोन, इकडं ढुंकून बघत नव्हते. तात्या म्हणाले, वहिनीला सांभाळतो. कावळा ढिम्म. शाळेचे सर म्हणाले, तुमच्या नावानं बक्षीस ठेवतो. ढिम्म. ऊन चढायला लागलं तशा एकेक करून सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या. तात्या म्हणाले, "संगे, म्हण. लेकरं शाळंत घालते म्हण. दादाचा जीव त्यातच अडकलाय."

बघा, मेल्यावरसुद्धा तुम्ही सोडलं नाहीत. अख्खं गाव माझ्या तोंडाकडं बघायलंय, आई पदर तोंडाला लावून बसलीये, आणि मी एक वाक्य म्हणायचं. नुसतं म्हणायचं. पुढं कोण विचारतंय? पण आधी एकदा न म्हणता हो म्हणाल्याचं माझ्या माथी मारलं होतंत तुम्ही. मी म्हटलं, "न्हाई म्हणणार."

"बापाचा जीव घुटमळायलाय अन् तू..."

"घुटमळू द्या. खोटं बोलायच्या आधी विचार करायचा व्हता त्यांनी."

तेव्हा श्रावणीनं माझा हात धरला. "मम्मी, आबा खोटं बोलले न्हाईत," ती म्हणाली. "मी बोलले."

मग तिनं तिथंच, सगळ्यांच्या देखत सांगितलं. त्या रविवारी रेंज गेल्यावर तुम्ही तिला विचारलं होतंत, "तुझी मम्मी काय म्हणायली व्हती गं? तोंड हलायलं व्हतं नुस्तं. लेकरं शाळंत घालते म्हणाली का?" आणि तुमचा चेहरा बघून तिला नाही म्हणवेना. तिनं मान हलवली. म्हणाली, "हो म्हणाली आबा." सणासुदीचे दिवस, भांडण नको, एवढंच तिच्या डोक्यात. मग तुम्ही इतके खूश झालात की खरं सांगायची तिची हिंमत झाली नाही, आणि जूननंतर तर नाहीच नाही. न्हाणीघरात ती रडली ती त्या मास्तरांमुळं नाही, यामुळं. ती पिंडाकडं तोंड करून म्हणाली, "आबा, मम्मीनं शब्द फिरवला न्हाई. तिनं दिलाच नव्हता."

सगळ्यांच्या नजरा झाडाकडं गेल्या. मलासुद्धा वाटलं, आता येईल कावळा.

आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा केला आणि शिववला. जिवंतपणी कुणाचं ऐकलं नाहीत, मेल्यावर एका पोरीच्या सांगण्यावरून याल होय!

तेव्हापासून मी डोकं धरून बसलेय. तुम्ही खोटारडे नव्हता. मी शब्द फिरवला नव्हता. दोन हेकट माणसं एकमेकांना वर्षभर खोटं ठरवत बसली, आणि मधे एक लेकरू सगळं गिळून बीजगणित सोडवत होतं. आता सूड कुणावर घेऊ? लेकीवर? तिला मी जवळ घेतलं, दुसरं काय करणार. तिचं खोटं मायेचं होतं. पण तुम्ही सुटलात असं समजू नका. खोटं तिचं, नावं तुम्ही दिलीत. तुम्हाला शब्द फिरवल्याचं दुःख झालं होतं ना? मग यायचं होतं माझ्या दारात, बसायचं होतं समोर. मी फोन का नाही केला असं विचारू नका, मी लेक होते, तुम्ही बाप. आणि हेडसर.

मी त्या रविवारी माईक बंद असताना काय बोलले ते आता ऐकून घ्या. तुम्ही कानाला हात लावून थांबलाच आहात. मी म्हणाले होते, आबा, मला गणित आलं नाही कारण घरी विचारलं तर तुम्ही म्हणायचात शाळेत विचार, आणि शाळेत विचारलं तर म्हणायचात, हेडसरची लेक अन् एवढं येत न्हाई? शाळेत हेडसर, घरीही हेडसर. मला बाप कधी भेटायचा? मी म्हणाले होते, शिडी मी काढत नाहीये, माझी लेकरं त्या शिडीवरून पडायली होती, म्हणून मी खाली उभी राहिले. आणि शेवटी म्हणाले होते, तुम्ही या ना आमच्यात. रविवारी अकरा वाजता. लेकरांना आवडलात तुम्ही. सावडीला एक म्हातारा बैल कमी पडायलाय. हे शेवटचं बोलताना मी हसत होते. पण तोवर तुमचं चित्र थिजलं होतं.

निकाल लागला. श्रावणीनं मैदान मारलं, गणितात तर असं की शाळेतल्यांनी तोंडात बोटं घालावीत. मी झरीला आले, ठरल्याप्रमाणं, एसटीनं, पेढे घेऊन. आईनं पुडा तुमच्या फोटोपुढं ठेवला आणि म्हणाली, "वाच त्यांना." मी म्हटलं, "मी न्हाई वाचणार. वाचायचं काम त्यांचं व्हतं." मग आईनंच फोन डोळ्यांजवळ धरून एकेक विषय वाचला, अडखळत, इंग्रजीला 'विंग्रजी' म्हणत. तुमच्या आवाजात नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी रविवार. अकरा वाजता मी तुमच्या खुर्चीत बसले, फोन त्याच तांब्याला टेकवला, आणि सगळ्यांत आधी बघितलं, माईक चालू आहे का. चालू होता. सगळ्यांनी श्रावणीसाठी टाळ्या वाजवल्या. मग निनाद म्हणाला, "काकू, आज हजेरी घ्या ना. आबांसारखी."

घेतली. एकेक नाव खड्या आवाजात पुकारलं. हजर, हजर, हजर. त्या घुम्या पोरीनं कॅमेरा लावला होता. श्रावणी हजर, ओम हजर. सगळे संपले, आणि मी थांबले नाही. तुमचं नाव पुकारलं, आबा. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट. एकदा. पडद्यावर सगळी लेकरं टकमक बघत होती. दुसऱ्यांदा. आतून आई दारात येऊन उभी राहिली. तिसऱ्यांदा मोठ्यानं पुकारलं, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, तुमच्याच आवाजात.

"गैरहजर," मी म्हटलं.

आता तुमच्याच नियमानं मला तुमच्या घरी यायला पाहिजे, समोर बसून विचारायला पाहिजे. मी तर आलेच आहे, आबा. तुमच्याच घरात, तुमच्याच खुर्चीत बसलेय आणि माईक चालू आहे. कामून आला न्हाईत?